खंडेनवमीची किक

लालासाहेबांची बुलेट त्यांच्या लग्नाच्या वर्षातली. फौजेतून सुट्टीवर आले की आधी बुलेटला किक, मग चहा, असा त्यांचा शिरस्ता. ही सवत राहीबाईंनी पहिल्यापासूनच पदरी घेतली होती. दर दसऱ्याला दोघं तिच्यावरूनच कराडला, राहीबाईंच्या थोरल्या बहिणीकडं सोनं द्यायला जात.

यंदा आषाढात मिरजेला लालासाहेबांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. अंगातलं बळ ओसरलं, आणि गाव त्यांना म्हातारं म्हणू लागलं. ते फार जिव्हारी लागलं. दसऱ्याला बुलेटवरून कराड गाठायचं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील आणि आपलीही खात्री पटेल, एवढंच त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी पत्र्याच्या शेडात त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. बुलेट ढिम्म. पेट्रोल येत होतं. प्लग काढून पुसला, पण ठिणगीच पडेना. दमून ते पोत्यावर टेकले. पत्र्याच्या भोकातलं ऊन टाकीवर पडलं होतं, शेजारच्या रानातून उसाचा ओला वास येत होता. डोळे मिटले, तशी बुलेट चालूच असल्यासारखी वाटू लागली. कृष्णेचा पूल, खांद्यावर राहीबाईंचा हात, दोघंही पंचविशीतले. पूल काही संपत नव्हता, आणि तो संपावा असं वाटतही नव्हतं.

बांगड्या वाजल्या तसे ते भानावर आले. राहीबाई पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या.

"झाली का वो चालू?"

"हुतीय. पॉइंट तेवढं बघतो."

राहीबाई उगाच पदर सावरत उभ्या राहिल्या.

लालासाहेबांनी इंजिनवरचं टोपण उघडलं. आत टिकलीएवढे दोन पॉइंट एकमेकांना टेकून सुटतात, तेव्हा कुठं ठिणगी पडते. त्या दोन्हींच्या मधे हळदकुंकू गच्च बसलं होतं.

"ह्ये कुणी केलं?"

"म्याच," राहीबाई खाली बघत म्हणाल्या. "मिरजेला निघायच्या दिशी. तुमीच म्हणायचा न्हवं, हितं हिचा जीव हाय, आन् माझा जीव हिच्यात. म्हणलं, टोपण काढून हितंच पुजावं."

लालासाहेबांनी खिशातला रुमाल काढला. एकदा पुसलं की बुलेट चालू होणार, यात शंका नव्हती. राहीबाईंनी रुमालाकडं बघितलं आणि मान फिरवली. नवऱ्याच्या जिवासाठी लावलेलं कुंकू पुसताना कुठली बाई बघेल? पण नको म्हणायचंही त्यांच्या जिवावर आलं.

लालासाहेबांना भरून आलं. ऑपरेशनला आत नेताना ही हसून निरोप देत होती, तेव्हा हिला भीती कशी ती वाटत नाही, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी रुमाल खिशात घातला. टोपण जागेवर बसवून स्क्रू पिळला.

"उद्या एस्टीनं जाऊ."

"आवं, फाट्यावर सगळं गाव बघंल."

"बघू दे. खिडकीला तू बस."