हिराजीने सांगितलेला शेवट

फोन आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. पलीकडून हिराजीदादाचा मुलगा बोलत होता. "बाई, बाबा गेले सकाळी," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं. कुणी गेल्याचं कळल्यावर बरं म्हणतात का? पण तोंडातून तेच आलं. फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलून संपवले, एकेक करून, सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. रोह्याला लागूनच असलेल्या आमच्या वरसेहून पेणला जायला एसटी आहे, रेल्वे आहे, रिक्षावाला ओळखीचा आहे. मी गेले नाही. विचारणाऱ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण असं की मी त्याच्यावर रागावलेली होते, आणि ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्या शेवटच्या दर्शनाला जाऊन उभं कसं राहायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे. त्याच्या गुणांचं कौतुक करावं एवढाच हेतू असता तर चार ओळींत काम झालं असतं. हिराजीदादाने माझ्या आईला एक खोटी गोष्ट सांगितली होती, आणि त्या गोष्टीवर आमच्या घराची तीसेक वर्षं गेली. त्यासाठी त्याला माफ करायचं की नाही हे मी तो जिवंत असताना ठरवायला हवं होतं. ते राहून गेलं.

तो मूळचा पेणच्या खाडीकडचा. घरचे लोक मिठागरावर राबणारे. ह्याला मात्र यंत्राची आवड, म्हणून रोह्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागला. टॉकीज कसली, पत्र्याचं लांबलचक छप्पर, पुढे बाकडी, मागे खुर्च्या. रविवारी दुपारी तिथे इंग्रजी सिनेमा लागायचा. पेण आणि रोहा मिळून एकच प्रिंट असे. पेणचा खेळ सकाळी लवकर, आमचा एक वाजता. तिथे दाखवून झालेली रिळं डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत, पहिले डबे एका गाडीने, उरलेले मागच्या गाडीने. इंग्रजी तर कुणालाच कळायचं नाही. मग हिराजी पेणला जाऊन तिथल्या शनिवारच्या खेळाला सिनेमा एकदा पाहून यायचा आणि रविवारी केबिनमधून माइकवर आम्हाला तो समजावून सांगायचा. त्याला तरी इंग्रजी कुठे येत होतं? पण सांगायचा असा की पडद्यावरचे गोरे साहेब नागोठण्याच्या बाजारातून आल्यासारखे वाटत. लोक सिनेमापेक्षा त्याला ऐकायलाच यायचे, आणि हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं.

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. वडील आधीच गेलेले. घरात आई, मी, आणि सुट्टीवर आला की माझा धाकटा भाऊ सुधीर. सुधीर वायुदलात वायरलेसवर होता. उत्तरेकडे बर्फातल्या एका ठाण्यावर सामान घेऊन गेलेलं त्याचं विमान परतलं नाही. तार आली, मग पत्र आलं. दोन्हींत शब्द एकच, बेपत्ता. मेला असं कुणी लिहिलं नाही. आईने तो एक शब्द धरून ठेवला. सात आठवडे ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. भात मी लावायचा, वाढायचा, आणि तिने ताटावरून नुसता हात फिरवायचा.

आठव्या आठवड्यात तिला बळेबळेच डॉक्टरांकडे नेलं. येताना नाक्यावर सिनेमाचं पोस्टर होतं. बर्फात नाक खुपसून पडलेलं लष्करी विमान, आणि बाजूला पाच माणसं. आई तिथे थांबली. तिने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, बर्फ म्हणजे तिच्या लेखी कोळणींच्या टोपलीतला. बराच वेळ पाहून म्हणाली, "मला हे दाखव." मी नको नको म्हटलं. पण सात आठवड्यांत तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी तिला घेऊन गेले, त्यामुळे जे झालं त्यात माझाही हात आहेच.

सिनेमा त्या काळातही जुनाच होता, काळापांढरा. युद्धाच्या दिवसांत उत्तर ध्रुवाकडे निघालेलं एक विमान वादळात बर्फावर उतरवावं लागतं. आतली पाच माणसं मोडक्या विमानाच्या आडोशाने दिवस काढतात आणि त्यांचे सोबती दुसरी विमानं घेऊन त्यांना शोधत फिरतात. हिराजी रंगात आला होता. "आता बगा, सायेब नकाशा काढतो. हिकडं बरफ, तिकडं बरफ, रस्ता इचारायला मानूस नाय." लोक हसत होते. त्या पाचांत एक कोवळा पोरगा होता, कानाला यंत्र लावून टकटक करत बसलेला. आईने माझा दंड धरला. "हा वायरलेसचा ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिने पडद्यावरचं दुसरं काही पाहिलं नाही. मध्येच अंधारात मोठ्याने विचारलं, "त्यांना जेवायला काय देतात?" सगळी टॉकीज चिडीचूप झाली. आमच्या घरची तार सगळ्या रोह्याला माहीत होती. माइकवर जरा खरखर झाली आणि हिराजीचा आवाज आला, एकदम हळू, "डब्यातलं मटन हाय मावशी. उपाशी नाय कुनी."

शेवट जवळ आला आणि दिवे लागले. हिराजी केबिनमधून खाली उतरला, पडद्यासमोर येऊन उभा राहिला, चिंधीला हात पुसत. म्हणाला, शेवटचं रीळ आलं नाही, एसटी वाटेत गडब गावाला बंद पडली आहे. असं अधूनमधून व्हायचंच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. काल मी पेणला बघितलाय, सांगतो, असं म्हणून त्याने सांगितलं. चौदाव्या दिवशी मोठा साहेब म्हणतो, पुरे झालं, शोध थांबवा. सगळी विमानं माघारी वळतात. त्यातला एक जण जाता जाता मागे बघतो, तर बर्फातून बारीक धूर निघतोय. तो एकटा परत फिरतो. "पाचीच्या पाची जिते घावले. तो वायरलेसवाला पोरगा पन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत. उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल, भात लावायचाय." त्या दिवशी तिने स्वतः भात लावला आणि दोन वेळा वाढून घेतला. हे मी नाकारत नाही. माझ्याने जे झालं नव्हतं ते हिराजीने पाच मिनिटांत केलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही ना... दर सोमवारी आई टॉकीजवर जायची. सोमवारी तिथे झाडलोट चाले, हिराजी यंत्र पुसत बसलेला असे. आई बाकड्यावर बसायची आणि म्हणायची, सांग. तो सांगायचा. वर्षानुवर्षं. कधी अंगात ताप असला तरी, कधी त्याच्या घरी भांडण होऊन आला असला तरी. एकदा चुकून पंधरावा दिवस म्हणाला, तर आईने त्याला थांबवून चौदावा करायला लावलं होतं. तो सांगून दमला असेल, मी ऐकून दमले, एकटी आई दमली नाही.

वर्षभराने शाळेत पेणची एक सहकारी आली. तिने तो सिनेमा पाहिला होता. ती सहज म्हणाली, शेवटी तो पोरगा मरतो, फार वाईट वाटतं. मी तशीच टॉकीजवर गेले आणि हिराजीला म्हटलं, तू चुकीचं सांगितलंस, आता आईला खरं सांग. तो एकच भिंग पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "मी नाय सांगनार. तुला जमत असंल तर तू सांग, बाय." मी तावातावाने घरी आले. आई सुधीरचे लोकरीचे कपडे उन्हात घालत होती, बाही न् बाही सरळ करून. मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. एवढं मात्र केलं की सगळा राग हिराजीच्या नावावर टाकून मोकळी झाले.

बारा वर्षं झाल्यावर गुरुजी म्हणाले, आता दर्भाची प्रतिमा करून विधी उरकून घ्या, त्याचाही जीव सुटेल. आई म्हणाली, चौदाव्या दिवशी सगळ्यांनी सोडून दिलं होतं, तेव्हाच सापडले ना? गुरुजींना त्याचा अर्थ लागला नाही, मला लागला. मला सांगलीचं एक स्थळ आलं होतं, शिक्षकच, भला माणूस. आई रोहा सोडायला तयार नव्हती, सुधीर आला तर याच घरी येणार म्हणून. तिला टाकून मी कशी जाणार? मी नाही म्हणून कळवलं. त्या माणसाचं पुढे चांगलंच झालं असेल. मी रोह्यातच निवृत्त झाले. आई गेली ती सुधीरची वाट पाहत, तशी सुखाने. मग मी चुलतभावाला घेऊन दोघांचेही विधी केले, आणि त्या दिवशी मला रडू येण्याऐवजी नुसती झोप आली.

तोवर टॉकीज बंद पडली होती. हिराजी पेणला परत गेला आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायचं काम करू लागला. दरवर्षी श्रावणात त्याचा निरोप यायचा, या वर्षी मूर्ती कशी हवी म्हणून, आणि मी एका ओळीत उत्तर द्यायचे. या वर्षी निरोप वेगळा आला. तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा. मी गेले. पडवीत खाटेवर पडला होता, हाडं तेवढी उरलेली. त्याची बायको, आमची वहिनी, चहा ठेवायला आत गेली तसा तो म्हणाला, "रीळ आलं व्हतं, बाय."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. एसटी वेळेवर आली होती. डबा त्याच्या खुर्चीखाली होता. शनिवारी पेणला त्याने शेवट पाहिलेला होता, पोरगा सापडतो तेव्हा गोठून गेलेला असतो, बोटं यंत्रावर तशीच. "मावशी समोर बसलेली. मी कसा लावनार ते?" इतकी वर्षं मी समजत होते की रीळ आलं नाही, आणि वेळ मारून न्यायला त्याने काहीबाही जोडून सांगितलं. तर तसं नव्हतं. त्याने ठरवून केलं होतं. मी म्हटलं, "तू ते रीळ लावलं असतंस तर ती दोन वर्षं रडली असती आणि मग उठली असती. तिच्यामागे मीही उठले असते."  "व्हय," म्हणाला, "ते मला लय उशिरा कळलं. म्हनून तर बोलावलं." मी उठले. त्याने विचारलं, परत येशील ना? मी बघते म्हटलं, आणि वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या आत रस्त्याला लागले.

तीन महिने मी गेले नाही. आधी राग होता. मग राग ओसरला आणि आळस उरला, तो रागापेक्षाही वाईट. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत दिवाळी होऊन गेली आणि फोन आला.

परवा शेवटी गेले. वहिनी पडवीत एकटीच होती. खाट काढून टाकलेली, त्या जागी भाताची पोती. ती माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने मला पाणी दिलं, जवळ बसली आणि हळूहळू बोलायला लागली. तुम्ही गेल्यावर ते रोज विचारायचे, बाई आल्या का. पहिले आठ दिवस तिने खरं ते सांगितलं, नाही आल्या. नवव्या दिवसापासून त्याने जेवण टाकलं, कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "मग मी सांगाया लागली, बाईंचा फोन आलेला, उद्या येतात. तेवढ्यावर दोन घास खायाचे. रोज तेच इचारायचे न् रोज मी तेच सांगायची."

"किती दिवस?" मी विचारलं.

"जाईस्तोवर." तिने पदराने डोळे पुसले. "आजारी मानसाशी खोटं बोलली मी. मला पाप लागंल का गो, बाई?"

चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं मी. खोटं बोलणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं. आईला एक खोटी गोष्ट सांगितली म्हणून एका माणसाशी जन्मभर धड बोलले नाही. आणि आता ही बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, पाच आठवड्यांपासून कुणाला न विचारता आलेलं विचारत होती. खरं काय ते मला माहीत होतं. तीन महिन्यांत पेणला जायला म्हणून मी एकदासुद्धा पायात चप्पल घातली नव्हती.

"खोटं कुठलं, वहिनी?" मी म्हणाले. "मी रोज निघतच होते."