दुपट्ट्याखालची बी.एस्सी.

बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं तर खर्च किती आणि पुढे पगार किती, हा हिशेब मी बाबांपुढे मांडला तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि माझ्याएवढं शहाणं वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कोणी नाही, अशी माझी खात्री होती. ती पोरगी आठवली की हसू येतं. दोन वेण्या, नाक वर, आणि बोलणं असं की चांद्याच्या कोळशाच्या खाणी जणू तिच्यावाचून अडून राहिल्यात.

हिशेब सोपा होता. नागपूरचं वसतिगृह, फी, पुस्तकं, जाणं-येणं मिळून दरवर्षी नदीकडच्या बांधीतलं सगळं धान जाणार. अशी चार वर्षं. मग खाणीत नोकरी, की दोन वर्षांच्या पगारात सगळं फिटलं. ‘भूगर्भशास्त्र’ हा शब्द तर मी बाबांना कळावा म्हणून नाही, कळू नये म्हणूनच ठासून उच्चारला.

बाबांनी ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "दगडाचं शिकून पोरीले पगार भेटते?"

"भेटते ना, बाबा."

"मंग शिक."

आई तिथेच तांदूळ निवडत होती. "धान इकून पोरीले दगडं शिकवून राह्यले. लोक हासतीन."

"हासू दे," बाबा म्हणाले.

त्या ‘हासू दे’वर मी चार वर्षं काढली. वसतिगृहातल्या मुलींना सांगायची, आमचे बाबा इतरांसारखे नाहीत. सुट्टीत घरी आले की हातोडी घेऊन गावभर हिंडायची, दिसेल त्या खडकाचं वय सांगायची. गावात अर्ध्या लोकांना स्वतःचं वय ठाऊक नव्हतं, त्यांना मी दगडांची वयं सांगत होते. एकदा मार्कंड्याला देवळाचा दगड जवळून पाहावा म्हणून पिशवीतून हातोडी काढली, तर पुजारी काठी घेऊन मागे लागला. तेही मी विज्ञानावरचा अन्याय म्हणून वसतिगृहात सांगितलं.

पास झाले. बाबांना घेऊन खाणीच्या कचेरीत गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, कागद नीट पाहिले आणि म्हणाले, "बाई, मार्क चांगले आहेत. पण बायकांना खाली उतरवायचं नाही असा कायदा आहे. आता तर टोपल्या वाहणाऱ्यांनासुद्धा वरच ठेवतो." आणि जमिनीच्या वर माझ्या शिक्षणाचं काय काम, हे त्यांनाही सुचेना.

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून मालगाडीच्या डब्यांत कोळसा भरला जाताना बघत होते. परतताना मी बसमध्ये रडत होते, तर त्यांनी केळी घेऊन दिली. मला वाटलं, बिचाऱ्यांना बोलवत नाही.

त्याच उन्हाळ्यात पाहुणे आले. मुलगा त्याच खाणीत, जमिनीखाली काम करणारा. त्याचा बाप मूल गावाकडचा, धानाचा आणि बैलांचा व्यापारी. पोहे झाले, मी नाव-गाव सांगितलं. मग मुलाच्या बापाने खांद्यावरचा दुपट्टा काढून स्वतःच्या आणि बाबांच्या हातावर टाकला. बैलबाजारात असंच करतात. भाव तोंडाने बोलायचा नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. लग्नाच्या बैठकीत हे करायची रीत नव्हती, पण दोघांचे हात तिथेच सरावलेले. मी सुपारीचं तबक घेऊन उभी. कोपरं हलत होती. एकदा बाबांनी हात मागे ओढला, पुन्हा पुढे केला. शेवटी दुपट्टा निघाला आणि दोघं हसले.

"जमलं," मुलाचा बाप म्हणाला. "हुंडा सोडला, भाऊ. आमच्या अख्ख्या पट्टीत बीएस्सी सून कोणाचीच नाई. अन् तुमी कबूल केल्यावाणी पास बी करून देली."

"कबूल कधी केलं?" मी विचारलं. मुलीने मध्ये बोलायचं नसतं, पण मी भूगर्भशास्त्र शिकले होते.

"चार वर्सं झाले ना, बाई. खदानीत बायायले घेत नाई हे मीच तर सांगतलं तुज्या बाबाले. ते म्हने, नाई घेतलं तं नाई, हुंडा तं वाचते."

पाहुणे गेल्यावर मी ओसरीत बाबांना गाठलं. "तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं शिकली असतीस काय?" ते शांतपणे म्हणाले. "हुंड्याले जेवढं लागलं असतं, त्याच्या अर्ध्यात डिग्री झाली. अन् तू खूश होतीस."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डिग्रीचा खर्च, तिची कमाई, सगळं बाबांनी मांडलं होतं, माझ्यापेक्षा चोख. फक्त ती कमाई माझी नव्हती. आईकडे पाहिलं, तर ती पोह्याच्या बशा गोळा करत होती. तिलाही ठाऊक होतं. ‘लोक हासतीन’ हे तिने मला ऐकवायला म्हटलं होतं की बाबांना, ते मी कधी विचारलं नाही.

लग्न झालं. खाणीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. नवरा वाईट नव्हता. संध्याकाळी तो वर यायचा, दारात अंगावर पाणी घ्यायचा, आणि मी तांब्या देता देता विचारायची, "आज कोणता थर लागला?"

तो डोळ्यांतला साबण पुसत म्हणायचा, "काळा."