जैतुनबीचा बिनरोजाचा रमजान

नेरळच्या बाजारामागच्या गल्लीत जैतुनबीचं शिलाई मशीन चाळीस वर्षं चालत आलंय. पोशीरपासून भिवपुरीपर्यंतच्या बायका ब्लाउज तिच्याकडंच टाकतात. नवव्या वर्षी तिनं पहिला रोजा धरला, आणि लेकाच्या लग्नाच्या धावपळीतसुद्धा तो कधी चुकवला नाही. सून शाहिस्ता घरात आली तेव्हा तिला ती म्हणाली होती, "उपाशी राहणं ही नुसती सुरुवात, पोरी. चुगली नाय, खोटं नाय, राग नाय, तवा कुठं रोजा झाला."

गेल्या वर्षी अकराव्या रोजाला ती मशीनवरच कोसळली. साखर पार वर गेली होती. इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता उपास बंद.

यंदा चंद्र दिसायच्या आदल्या दिवशी ती मौलानांना भेटली. ते तरी रोजा धरायची परवानगी देतील अशी आशा होती.

"आजाऱ्याला सूट मी देत नाही, अल्लाहनंच दिलीय," मौलाना म्हणाले. "दुखणं कायमचं असेल तर एकेका रोजाच्या बदल्यात एका गरजूला पोटभर जेवू घाला. त्यानं दिलेली सवलत नाकारायची म्हणजे हट्टच झाला की."

तिनं मान डोलावली, पण मन काही ऐकेना. पहिल्या दुपारी शाहिस्तानं स्वतःचा रोजा असताना सासूला भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. जैतुनबी ताट घेऊन दाराआड भिंतीकडं तोंड करून बसली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, भिवपुरीची माधवी.

"चाची, रोजा असंल ना? मग बोलायला लावत नाय. कापड ठेवून जाते."

तोंडात घास होता. जैतुनबीनं दाराआडून नुसतं "हं" केलं. माधवी गेली, पण घास काही घशाखाली उतरेना. रमजानच्या पहिल्याच दिवशी खोटं!

थोड्या वेळानं मोतीबाई लाकडाची मोळी घेऊन आली. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली ही बाई तिच्याकडं वर्षानुवर्षं सरपण टाकायची.

"मोती, आजपास्नं महिनाभर दुपारचं इथंच जेव."

"का वं?"

जैतुनबीनं सगळं खरं सांगितलं. मोतीबाईनं मोळी भिंतीला टेकवली.

"म्हंजी तुमच्या रोजाच्या बदल्यात मी जेवायचं. आनि तुमी?"

"मी आत जेवते."

"मंग नको. एकटीनं खाऊन उठाया मी काय भिकारीन नाय. संगट बसाल तर जेवीन."

"अगं, दिवसाढवळ्या ओट्यावर? लोक काय म्हणतील?"

"चोरी केली काय तुमी?"

जैतुनबीनं आपलं ताट बाहेर आणलं. दोघी ओट्यावर बसल्या. नमाजाला निघालेली माणसं समोरून जात होती. मौलानाही आले, सलाम करून पुढं गेले. कुणी थांबलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. तो घास मात्र सुखानं उतरला.

मग रोजच पंगत बसू लागली. एकदा मोतीबाई सहज बोलून गेली, "भर पावसात काम नसलं की आमी कंद उकडून दिस काढतो. तुमच्या उपासाला सुटायची वेळ तरी असते, ते बरं." रोजानं गरिबाची भूक कळते, हे जैतुनबीनं किती जणींना सांगितलं होतं. पण मोतीबाईला मात्र आजवर काही विचारलंच नव्हतं.

आठवड्यानं माधवी ब्लाउज न्यायला आली. जैतुनबीनं मशीन थांबवलं. "त्या दिवशी मी खोटं बोलले गं. रोजा नव्हता माझा. साखरेचं दुखणं हाय."

"एवढंच ना? मग चहा ठेवा, बिनसाखरेचा. दोघी घेऊ."

सव्विसाव्या दिवशी मोतीबाई आली नाही. मोहाची फुलं पडायला लागली होती, ती वेचायला वाडी पहाटेपासून रानात होती. जैतुनबीनं डबा बांधला आणि रिक्षानं पायथा गाठला. मोतीबाई अंगणात फुलं पसरत होती. तिची म्हातारी सासू दारात बसली होती. डबा दोघींपुरताच होता, तरी तिघींना पुरला.

त्या संध्याकाळी मगरिबची, रोजा सोडायची अजान झाली. शाहिस्तानं पहिला खजूर सासूपुढं धरला. एरवी जैतुनबी म्हणाली असती, "माझा कसला रोजा?" आज तिनं तो घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि अर्धा तोडून सुनेला दिला.