शीटवर दोनच असिस्ट

परवा रविवारी मुलुंडला आमच्या कॉलेजच्या कोर्टवर माजी विद्यार्थिनींची बास्केटबॉल मॅच होती. मॅच कसली... दहा मिनिटांत निम्म्या जणी गुडघे धरून बाकावर. मी तर दुसऱ्यांदा धावत परत येतानाच देवाचा धावा सुरू केला होता.

बाकावर माझ्या शेजारी दीपाली येऊन बसली. आमच्याच टीममधली, बारा वर्षांनी भेटत होतो. ती खेळायला नाही, नुसती बघायला आली होती. तिला पाहून मी उगाचच बुटाची नाडी बांधायला वाकले... का, ते सांगते.

सेकंड इयरला मी टीमची पॉइंट गार्ड होते. म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारी, सगळ्यांना पास देणारी. शाळेपासून खेळत होते, नियम तोंडपाठ, त्यामुळे थोडा माजही होता.

दीपाली वाकोल्याची. तिच्या शाळेला मैदानच नव्हतं, त्यामुळे बास्केटबॉल हातात आला तो थेट कॉलेजात. माझ्या जागी बदली म्हणून ती खेळायची आणि काही अडलं की माझ्याकडेच यायची. "ए, हा फाऊल कसा काय गं?" मग मी मास्तरणीच्या थाटात समजावायचे.

इंटरकॉलेजच्या क्वार्टर फायनलच्या दोन दिवस आधी माझा घोटा मुरगळला. आमच्याकडे पद्धत अशी, की जिला लागलंय तिने बाकावर बसून स्टॅट शीट भरायची. कोणाचे किती पॉइंट्स, किती रिबाउंड, किती असिस्ट... प्रत्येकीच्या नावापुढे रेघा मारत जायचं. मॅच संपली की आमचे कोच सर ती शीट घरी न्यायचे आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवायचे.

त्या वेळी ठरायचं होतं ते हे, की युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला गार्ड म्हणून कोणाचं नाव पाठवायचं. कॉलेजमधून एकच नाव जाणार होतं. आणि ट्रायलपर्यंत माझा पाय बरा होणार होता.

दीपाली त्या दिवशी काय झकास खेळली म्हणून सांगू... मी बाकावर बसून जळत होते. अगदी शब्दशः नाही, पण फार काही कमीही नाही.

पॉइंट्समध्ये लबाडी करता येत नाही, स्कोअरबोर्ड सगळ्यांसमोर असतो. असिस्टचं तसं नसतं. पास मिळाल्याबरोबर बास्केट झाली तर पास देणारीला असिस्ट, पण बास्केट करणारीने मध्ये स्वतः बरीच मेहनत घेतली असेल तर नाही. आता 'बरीच' म्हणजे किती, हे ठरवणार कोण? शीट भरणारी. म्हणजे मी.

दीपालीच्या पासवर कोणी बॉलचा एक टप्पा जरी मारला, की मी मनात म्हणायचे, ही त्या मुलीची मेहनत. रेघ नाही. माझ्या स्वतःच्या पासना हा कडक कायदा मी कधी लावला असता का? छे!

आम्ही मॅच जिंकलो. सगळ्या नाचत होत्या, आणि दीपाली घामाघूम होऊन माझ्या शीटमध्ये डोकावली. "दोनच?"

"हो गं, बाकीच्यांत मध्ये ड्रिबल होता ना," मी म्हटलं. ती "अच्छा" म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

ट्रायलला माझं नाव गेलं. पहिल्याच दिवशी मला बाहेर काढलं, ते सोडा. महिन्याभरात दीपालीने प्रॅक्टिसला येणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "अभ्यास आहे यार." आणि खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आज लिहितानाही लाज वाटतेय.

तर परवा. समोर कोणीतरी एक सुंदर पास दिला आणि दीपाली हसत म्हणाली, "असले पास मला कधी जमलेच नाहीत. बरं झालं, तुझ्या शीटमुळे वेळेत कळलं. नाहीतर उगाच रखडत बसले असते."

टोमणा असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतला असता. पण तो टोमणा नव्हता, ती मनापासून बोलत होती... मग मला राहवेना. घोटा, ट्रायल, न मारलेल्या रेघा, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तिने कोर्टकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "सात होते. खेळताना मी मनात मोजत होते. तू दोन म्हणालीस तेव्हा वाटलं, मलाच असिस्ट म्हणजे काय ते कळत नाही. तुला नियम माहीत होते ना..."

मी सॉरी म्हटलं. तो शब्द इतका फुटकळ कधीच वाटला नव्हता.

"पण का गं?" तिने विचारलं.

"तू माझ्यापेक्षा चांगली खेळत होतीस म्हणून."

तिचे डोळे भरून आले. "हे तेव्हा बोलायचं ना यार," एवढंच म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो मात्र तिने बाजूला सारला नाही. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

ती शीट कधीच रद्दीत गेली असेल. पण दीपालीने ती बारा वर्षं खरी मानली. आणि ते एक खरं वाक्य तिला सांगायला मला बारा वर्षं लागली... तेही तिने विचारलं म्हणून.