जेवण कोणाकडचं?

गुरुवारी दुपारी कॅटररचा तिसरा फोन आला. "मॅडम, फायनल काउंट द्या ना. रविवारचं लग्न आहे, मला भाजीची ऑर्डर टाकायचीय."

फायनल काउंट म्हणजे किती ताटं लागणार त्याचा पक्का आकडा. तो ठरला की बाकीचे पैसे भरायचे, मग किराणा येतो. मुलुंडला मी लग्नाचा हॉल सांभाळते. आमच्याकडे हे आठवडाभर आधीच उरकतं. या लग्नाचं अडकलं होतं, कारण बिल कोणाच्या नावाने काढायचं हेच मला कळेना.

नवरीच्या वडिलांना, परबकाकांना, फोन केला. "मुलाकडच्यांना विचारा," म्हणाले. नवऱ्याच्या आईला, शिंदेकाकूंना, केला. "अहो, ते मुलीकडचे बघणार ना!"

शेवटी नवरीला फोन केला, तेव्हा घोळ कळला. ॲडव्हान्स मानसी आणि तुषारने, म्हणजे नवरा-नवरीनेच, ऑनलाइन भरला होता. घरी फक्त "हॉल झाला" एवढंच सांगितलं. दोन्ही घरांना वाटलं, समोरच्यांनी भरला.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "शनिवार दुपारपर्यंत पेमेंट नाही, तर किचन उघडायचं नाही."

"सर, पत्रिका वाटून झाल्यात."

"म्हणून तर आत्ता सांगतोय."

सहा वाजता चौघांना ऑफिसात बोलावलं. तोपर्यंत मला एका जागी बसवेना. रिकाम्या हॉलमध्ये उगाच फेऱ्या मारत राहिले.

परबकाका कंपनीतून रिटायर झालेले. आवाज चढला की त्यांची मालवणी बाहेर यायची. "आमच्यात लग्न मुलाच्या दारात. मुलगी आणि दागिने घेऊन आम्ही जातो. जेवण तेच घालतत! माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं तशीच झाली." हातातले पैसे त्यांनी मानसीच्या दागिन्यांत घातले होते.

शिंदेकाकू मूळच्या साताऱ्याकडच्या. घाटकोपरला पोळीभाजीचे डबे देऊन त्यांनी एकटीने तुषारला शिकवलेलं. "आमच्यात लग्न मुलीच्या दारात. शालू, मंगळसूत्र आणि वऱ्हाड घेऊन आम्ही यायचं."

"मग हॉल घेतल्यापासून तीन महिन्यांत एकदा तरी विचारायचं होतं!"

"तुम्ही विचारलंत?"

"मुलीचा बाप मी. कसं विचारणार?"

"आणि मी मुलाची आई. तोंड उघडलं असतं, तर हुंडा मागते असं वाटलं नसतं तुम्हाला?"

काका ताडकन उठले. "मानसी, चल घरी."

मानसी हलली नाही. "बाबा, माझे दागिने मोडा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तुषार काहीतरी बोलायला गेला, पण काकूंनी त्याला हातानेच थांबवलं. "दागिन्यांना कोणी हात लावायचा नाही. मॅडम, मेनूचा कागद द्या."

पुढची वीस मिनिटं त्या माझ्या टेबलाशी उभ्याच होत्या. पनीर काढलं, चाट काउंटर काढला, स्टेजची फुलं निम्मी केली. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, मठ्ठा, जिलेबी ठेवली. चारशे ताटांची दोनशे वीस झाली. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "जेवण माझं, हॉल तुमचा. जमेल?"

काका परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "जमवतो."

पण दोनशे वीस ताटं म्हणजे बोलावलेल्या एकशे ऐंशी माणसांना नको सांगायचं. काकांनी तिथेच यादी काढली आणि जुन्या कंपनीतल्या मित्रांना फोन लावायला सुरुवात केली. "अरे, रविवारचं जरा... घरातल्या घरात करतोय रे." चौथा फोन लागला तसा त्यांनी मोबाईल कानापासून लांब धरला. शिंदेकाकूंनी मोबाईल त्यांच्या हातातून घेतला. "नमस्कार, मी मानसीची सासू बोलतेय. चूक आमची झाली, राग मानू नका." यादीतले पुढचे सगळे फोन त्यांनीच केले. काका शेजारी बसून एकेका नावावर काट मारत होते.

शुक्रवारी दोन्हीकडून पैसे आले. रविवारी लग्न लागलं. मानसीचे एक मामा रुसून आले नाहीत. नको सांगितलेले तीसेक जण मात्र आले आणि शेवटच्या पंगतीला जिलेबी संपली.

तेव्हापासून हॉल दाखवण्याआधी मी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवते, कोण काय भरणार ते विचारते आणि सह्या घेते. निम्मे लोक ओशाळतात. ओशाळू देत. लग्नाला तीन दिवस उरले असताना भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.