फोटोपुरती गरीब

"ही गरीब वाटत नाही. हिला मागे उभी करा."

मॅडम माझ्याबद्दल बोलत होत्या. माझ्याच समोर. मला मराठी कळतच नसावं, अशा थाटात.

२०१५ साल. मी सहावीत. नाताळाच्या आधी तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावर मुंबईहून एका ख्रिस्ती संस्थेची गाडी आली होती. मॅडम त्याच गाडीतून उतरल्या होत्या. परदेशातल्या पोरांनी आमच्यासाठी भेटींची खोकी भरून पाठवली होती म्हणे. आई डहाणूला चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. त्या दिवशी तिने खाडा केला. पाहुणे येणार म्हणून आम्हा दोघी बहिणींना अंघोळ घातली, तेल लावून वेण्या घातल्या. मला उधव्याच्या बाजारातला नवा फ्रॉक घातला.

मॅडम आईला म्हणाल्या, "घरी जुना फ्रॉक असेल ना? फाटका चालेल. तो घालून आणा. फोटो तिकडे पाठवायचे असतात."

आई हसली. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने माझा दंड धरला, घरी नेलं. स्वतः घातलेल्या वेण्या स्वतःच सोडल्या. केस विस्कटले. काखेत उसवलेला फ्रॉक अंगात घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मला पुढे घेतलं.

"खोकं मिळेपर्यंत हसायचं नाही," फोटोवाला म्हणाला. "मिळालं की हसायचं."

खोक्यात साबण, बाहुली आणि लोकरीचे हातमोजे. आमच्या उकाड्यात लोकर! धाकटीने तिच्या खोक्यातले मोजे पायात घातले.

मॅडमनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "बोल बाळा, माझ्याकडे काहीच नव्हतं."

मी काखेतली उसवण हाताने झाकली.

"बोल."

"माझ्याकडे नवा फ्रॉक आहे. तुम्हीच काढायला लावलात."

मोबाइल खाली आला. मॅडमनी माझं खोकं काढून घेतलं. मग धाकटीचं. तिच्या पायातले मोजेसुद्धा ओढून काढले.

"यांना दिलं तरी किंमत नाही."

आईने सगळ्या पाड्यासमोर माझ्या थोबाडीत मारली. "चूक झाली मॅडम. पोर अडाणी आहे. धाकटीचं तरी द्या."

दिलं नाही.

पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली. शाळेतून येताना पाहिलं, रांगेत पहिली धाकटी. केस तिने स्वतःच विस्कटले होते. गालांना चुलीतली राख फासली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची पोर. गरीब कसं दिसायचं, ते शिकली होती.

थोबाडीत बसली तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

मी तिला ओढून रांगेबाहेर काढली.

"तिला हवंय," मॅडम म्हणाल्या. "तू कोण अडवणारी?"

"तिची बहीण. खेळणं द्यायचं तर असंच द्या. फोटो मिळणार नाही."

"फोटोशिवाय खोकं नाही."

"मग ठेवा तुमच्याकडे."

धाकटी माझ्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. मी सोडलं नाही. हातपंपाखाली धरून तिचं तोंड धुतलं. ती शिव्या देत होती. आई दारातून बघत राहिली. या वेळी तिने मारलं नाही. माझ्या बाजूने बोललीही नाही.

धाकटी अजून म्हणते, "तुझ्यामुळे माझी बाहुली गेली."

गेली. खरं आहे. गाडी पुन्हा आली तर पुन्हा घालवीन. तिची, शेजारणीच्या पोरीची, सगळ्या पाड्याची. शिव्या खाईन, मार खाईन. पण दान करणाऱ्यांना फोटोत दाखवायला आमच्या पोरींची तोंडं मिळणार नाहीत.