आमची देवी पाण्यात सोडली तेव्हा

चारठाण्याच्या देवळांत आमचं प्रशिक्षण शिबिर चालू होतं, तेव्हा एकदा माय मला भेटायला आली. दगडी शिल्पांचं जतन कसं करायचं ते मी शिकून आले होते आणि तिथल्या पोरीबायांना शिकवत होते. कुणीतरी भक्तीनं खांबांवरच्या मूर्तींना तैलरंग फासला होता. तो औषधानं मऊ करायचा आणि कापसाच्या बोळ्यानं टिपून घ्यायचा. घासायचं नाही. आमचा सगळा दिवस यातच जाई. माय पायरीवर बसून बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लेकराचं तोंड पुसल्यावानी पुसायलीस की गं."

मला फार बरं वाटलं. वडील गेल्यावर शेत सांभाळून तिनं मला शिकवलं होतं, पण मी नेमकं काय शिकते ते मला तिला कधी नीट सांगता आलं नव्हतं. "लेक दगडं धुती," असं ती शेजारणींना सांगायची.

दुपारी डबा सोडताना तिनं सहज म्हटलं, "आपलं देवीचं देऊळ पाडायलेत. नवं बांधायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"साऱ्या गावानं. मी बी हात वर केला."

मी डबा बाजूला सारला.

वालूरच्या पुढं आमचं लहानसं गाव. तिथलं ते देऊळ काळ्या दगडाचं, बुटकं. कुठल्या पुस्तकात त्याचं नाव नाही. पण आतल्या खांबांवर वाजवणारे आणि नाचणाऱ्या बाया कोरलेल्या होत्या. देवी हातभर उंचीची. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी आंघोळ घालून घालून तिचा चेहरा गुळगुळीत झाला होता. नवरात्रात तिला पहिली आंघोळ घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे मायचा.

"तूच हात वर केलास?" मी विचारलं.

"पावसात गळतंय. वाकून आत जावं लागतंय, म्हाताऱ्या बाया पडत्यात. देवीला चांगलं घर नको का? तुला काय, तू वर्साकाठी येतीस."

ती खरं तेच बोलत होती.

मी गावी गेले. बांधकामाचं सगळं बघणारे गृहस्थ नात्यानं माझे चुलते लागत. त्यांना म्हणाले, "काका, छतावरचा पिंपळ मुळासकट काढू, चुन्यानं भेगा भरू, पाणी जायची वाट मोकळी करू. गळणं थांबतं."

त्यांनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "पोरी, तुज्या शिक्षणाचं लय कौतुक हाय आमाला. पर शेजारच्या गावाचं टाइल्सचं देऊळ झालं, आपल्या लोकांला बी तसंच पायजे. आन्‌ मूर्ती झिजली, नाक सुदिक राहिलं न्हाई. असली मूर्ती पुजू नये म्हणतेत."

शेवटी मी एवढंच मागितलं, की पाडण्याआधी मापं घेऊ द्या, चित्रं काढू द्या, दगडांवर आकडे टाकू द्या. दगड एकेक करून, आमच्यासमोर उतरवा आणि एका बाजूला रचून ठेवा. पुढंमागं कुणाला वाटलं तर देऊळ पुन्हा उभं करता येईल. काका हो म्हणाले.

चारठाण्याच्या पोरी माझ्याबरोबर आल्या. आमच्याच घरी उतरल्या. माय सगळ्यांसाठी भाकरी थापायची, हात धुऊन देवळात यायची आणि टेपचं एक टोक धरून उभी राहायची. नवी नवरी कुठल्या खांबाला पाठ लावून बसते, दिवा कुठल्या कोनाड्यात ठेवतात, असं बरंच काही तिनं पोरींना सांगितलं. एकदा बॅटरीच्या उजेडात ती एका नाचणाऱ्या बाईच्या पायाशी वाकली आणि हरखून म्हणाली, "अगं, हिच्या पायात चाळ हायेत! जलम गेला, कधी बघितलंच न्हाई मी."

त्या संध्याकाळी घरी येताना तिनं विचारलं, "खरंच दुरुस्त झालं असतं का गं?"

"झालं असतं."

दार उघडताना म्हणाली, "आता गावाचा शब्द झालाय."

पुढं मी चारठाण्याला असताना सकाळी तिचा फोन आला. "मशीन आलीय. तू ये." पाडकामाच्या ठेकेदाराची मशीन दुसरीकडून लवकर सुटली होती, म्हणून त्यानं ती तशीच आमच्या गावाकडं वळवली. कुणाला काही वाईट करायचं नव्हतं. मी पोचले तोवर देवळाच्या जागी ढीग होता. आमचे आकडे टाकलेले दगड मधोमध फुटले होते, बरेचसे नव्या पायाच्या खड्ड्यात गेले होते. माय खड्ड्याच्या काठाशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं मशीनवाल्याला थांबवून बघितलं होतं. तो म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, लागंल."

"देवी कुठाय?" मी विचारलं.

"नेली. मशीन लावायच्या आदी वाजतगाजत नेली, दुधनेच्या पाण्यात सोडली. मी गेले न्हाई. मला न्हाई बघवलं."

नवं देऊळ उजेडाचं, ऐसपैस झालं. आता वाकावं लागत नाही, कुणी पडत नाही. आत संगमरवराची मोठ्या डोळ्यांची देवी आली. नवरात्रात माय तांब्या घेऊन गेली, तर मूर्तीपुढं लोखंडी कठडा होता आणि आंघोळ फक्त पुजारी घालणार होता. ती हात जोडून परत आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लय देखणी हाय. पर मला वळखत न्हाई ती."

त्यानंतर ती देवळात गेली नाही. तिनं कुणाला दोषही दिला नाही. "मी बी हात वर केला होता," एवढंच म्हणायची.

उन्हाळ्यात दुधनेचं पाणी आटलं तेव्हा मी आणि गावी राहणारा माझा भाऊ मूर्ती शोधायला गेलो. पात्रातली वाळू उपसून नेलेली, जागोजाग खड्डे, खड्ड्यांत हिरवं पाणी. आम्ही ऊन चढेपर्यंत चिखल चाचपला. काही हाताला लागलं नाही.

माय तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं विचारलं, "घावली का?"

"न्हाई, माय."

ती म्हणाली, "असू दे. पाऊस आला की रोज आंघोळ होईल तिला."

पुढच्या नवरात्राआधी ती गेली.

मी अजून हेच काम करते. नव्या गावात शिबिर घ्यायचं असलं, की पिशवीतली हत्यारं आधी काढत नाही. इथल्या देवाला आंघोळ कोण घालतं ते विचारते आणि त्या बाईच्या शेजारी बसते. पाऊस कुठून येतो, पाय कुठं घसरतो, ते तिच्याकडून ऐकून घेते. जिंतूरकडच्या एका गावानं पाडायचं ठरलेलं देऊळ अशा बोलण्यातून राखलं. छत दुरुस्त झालं, पायऱ्यांशी धरायला दांडा बसला. यंदा गळालं नाही, असा त्यांचा फोन आला. मला आनंद झाला आणि तो सांगायला माय नाही, याचं फार वाईट वाटलं.

नवरात्र आलं की भाऊ गावी बोलावतो. मी अजून गेले नाही.